गोव्यातल्या घरी लेखक-चित्रकार राहायला येणार? आधीच्या दिवसांत करायची कामे

गावचे जुने घर वर्षाचे दहा महिने बंद, मुले पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशी, आणि कोणीतरी सुचवते, "लेखक-चित्रकारांसाठी रिट्रीट का काढत नाही?" डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या बाजूंच्या बऱ्याच घरांत सध्या हे बोलणे चालले आहे. आमच्या डिचोली तालुक्यातल्या घरी आम्ही असे रिट्रीट, म्हणजे काही दिवस राहून शांतपणे काम करायचे ठिकाण, चालवतो. नव्याने सुरू करणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा पडद्यांचा असतो, दुसरा झोपाळ्याचा.

पडदे आणि झोपाळा नंतर. पुस्तक लिहायला किंवा चित्र पुरे करायला आलेल्या माणसाला सकाळी सलग चार तास कोणी हाक न मारता काम करता आले, की बाकीच्या उणिवा तो हसून खपवून घेतो. ते चार तास मिळाले नाहीत, तर जेवण कितीही चांगले असो, तो पुन्हा येत नाही. हे चार तास पाहुणे आल्यावर देता येत नाहीत. ते आधीच्या शांत दिवसांत तयार करावे लागतात. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. तीन-चार खोल्यांचे, घरच्या माणसांनी चालवायचे ठिकाण धरून लिहितो आहे. मोठ्या रिसॉर्टवाल्यांचे गणित वेगळे.

१. तारखा: कालनिर्णय बघा, मग देवळाच्या कट्ट्यावर विचारा

भिंतीवरच्या कॅलेंडरात चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी, शिगमो दिसतात. तुमच्या देवळाचा कालो, जत्रा, भजनी सप्ताह, पलीकडच्या वाड्यावरच्या कपेलाचे (छोट्या चर्चचे) फेस्त, हे दिसत नाही. ते देवस्थान समितीतल्या कोणाला तरी विचारूनच कळते. विचारा आणि वर्षाची यादी स्वयंपाकघराच्या दारामागे लावा.

चवथीच्या आठवड्यात पाहुणे घेऊच नका. मूळ घरात गणपती असेल तर सगळे भाऊबंद तिथेच उतरणार, खोल्या मिळणार नाहीत आणि कामाला येणाऱ्या बायकाही आपापल्या घरच्या माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली) असणार.

दिवाळीची आदली रात्र आणखी अवघड. नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत वाड्यावाड्यावर नरकासुर उभे असतात आणि त्यांच्यापुढे भिंती हादरतील असे स्पीकर लागतात. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, पण त्या रात्री कायद्याच्या भरवशावर राहू नका. चित्रकार मंडळींना मात्र मुद्दाम त्याच दिवसांत बोलवता येते. गवत, कागद आणि बांबूचा सांगाडा यांतून पोरे जे उभे करतात ते बघण्यासारखे असते. फक्त आधी सांगून बोलवा.

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त, आणि २० डिसेंबरपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळा गोवा भरलेला. या काळात तिकिटे आणि टॅक्सी दोन्ही महाग. माझे मत विचाराल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी अखेर हा सगळ्यात चांगला काळ, आणि लिहिणाऱ्यांसाठी जुलै. जुलैत बाहेर पडताच येत नाही, त्यामुळे लोक लिहितात. जलरंगवाल्यांना मात्र जुलै देऊ नका, कागद वाळत नाही.

इथे फसण्याची जागा सणांत नाही, शेजारात आहे. बाजूला घर बांधायला काढले असेल तर चिरे कापायच्या मशीनचा आवाज सकाळी आठला सुरू होतो, नेमका कामाच्या वेळी. डिचोलीकडच्यांनी आणखी एक बघावे: २०१८ साली बंद पडलेल्या खाणी २०२४ पासून पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत. तुमचा रस्ता खनिजाच्या ट्रकांचा आहे का, हे पाहुण्याचे आगाऊ पैसे घेण्याआधी तपासा.

२. कागदपत्रे

"दोनच तर खोल्या, नोंदणी कशाला?" हे वाक्य पुष्कळदा ऐकतो. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ चा आहे आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्या घरालाही तो लागू होतो. पर्यटन खात्याकडे नोंदणी करूनच जाहिरात टाका. साधारण हे कागद एका फायलीत जमवून ठेवा:

- एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि घरपट्टीची पावती
- वीजबिल, पाण्याचे बिल
- मालकाचे आधार आणि पॅन
- पंचायतीचा ना हरकत दाखला
- घराचा साधा नकाशा आणि खोल्यांचे फोटो
- सहमालकांची लेखी संमती
- जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी
- पाहुण्यांची नोंदवही: नाव, पत्ता, ओळखपत्र, येण्या-जाण्याच्या तारखा

यादीतल्या सहमालकांच्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात तिथून करा. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची समाईक होते. म्हणजे आजोबांचे घर तीन भावांचे असेल तर सह्या सहा लागतील असे धरा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झाली नसेल तर वकिलाला आधी भेटा. मुंबईच्या काकूची सही दोन दिवसांत येईल अशी आशा धरू नका.

परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. लोक अजून त्याला सी फॉर्म म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती त्याच्याकडून आधीच मागवून घ्या. आल्यावर तो दमलेला असतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात असता. तो तुमचा मित्र असेल, पैसे न घेता राहत असेल, तरी ही नोंद चुकवू नका.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या जवळ जाणार असेल तर जीएसटीचे सीएला विचारा. आणि फेणी जेवणाच्या बिलात लावू नका. दारू विकायची म्हटली की अबकारी खात्याचा परवाना आला.

३. पावसाळ्यानंतर घर उघडणे

गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बंद घर तो सगळा पिऊन बसते. पहिला पाहुणा नोव्हेंबरात येणार असेल तर ऑक्टोबरचे ऊन वाया घालवू नका. गाद्या, उशा, रजया सलग तीन-चार दिवस उन्हात टाका, दुपारी उलटा. कपाटांची दारे उघडी ठेवा आणि आतून कडुलिंबाच्या पाण्याने पुसा. पुस्तकांचे कपाट असेल तर एकेक पुस्तक काढून कण्यावरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने ती पसरते.

कौले तपासायची सोपी रीत: भर दुपारी खोलीत जा, दारे-खिडक्या लावून घ्या, डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे मंगळुरी कौल सरकले किंवा फुटले आहे. माकडे येतात त्या घरांत हे दर महिन्याला करावे लागते. त्याच वेळी चौकटींच्या तळाशी वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का तेही बघून घ्या.

अंगणाकडे या. पाडेल्याला (नारळ उतरवणाऱ्याला) आठवडाभर आधी निरोप द्या, कारण तो सांगितलेल्या दिवशी येईलच असे नाही. नारळ आणि सुकी चुडते दोन्ही उतरवून घ्या आणि तरीही माडाखाली खुर्ची ठेवू नका. शहरातून आलेला पाहुणा सावली बघून नेमका तिथेच बसतो. भिंतीला लागून चिऱ्यांचा ढीग, लाकडे, सोडणांची (नारळाच्या सालांची) रास असेल तर ती घरापासून लांब हलवा. विंचू आणि फुरसे अशाच ठिकाणी असतात, आणि हे काम हातमोजे घालून दिवसाउजेडी करायचे.

विहीर उपसून घ्या, ब्लीचिंग पावडर टाका, पाणी तपासून घ्या. पिण्यासाठी फिल्टर लागतोच. सेप्टिक टाकीही याच आठवड्यात. पाहुणे असताना टँकर दारात येणे किती वाईट दिसते ते सांगायला नको.

४. टेबल

या एका वस्तूवर मी बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त वेळ घालवतो.

बहुतेक घरांत पाहुण्याच्या खोलीत छोटे तिपाई टेबल आणि प्लॅस्टिकची खुर्ची असते. त्यावर चहा पिता येतो, कादंबरी लिहिता येत नाही. टेबल अडीच फूट उंच, किमान चार फूट लांब आणि डुगडुगणारे नको. शहाबादी फरशी वर-खाली असेल तर पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या न घालता सुताराकडून पाय तासून घ्या. पुठ्ठा दोन दिवसांत दबतो आणि टेबल पुन्हा हलू लागते, लिहिणाऱ्याचे सगळे लक्ष त्या हलण्यात जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि आसपासच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे शिसवी नाहीतर फणसाची जुनी टेबले मिळतात. घासाघीस करा, पण खण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ओलीने फुगलेला खण उघडत नाही.

टेबल मांडल्यावर एक सकाळ स्वतः तिथे बसा. काहीतरी लिहा, निदान महिन्याचा हिशेब. बसल्यावर ज्या गोष्टी कळतात त्या उभ्याने कळत नाहीत. पूर्वेची खिडकी समोर आली तर साडेआठला ऊन सरळ डोळ्यांत येते, म्हणून टेबल खिडकीला काटकोनात लावा. पंखा सुरू केला की कागद उडतात. नदीतले गुळगुळीत दगड धुऊन टेबलावर ठेवा, प्रत्येक टेबलाला चार. प्लग खाली पलंगामागे असेल तर लॅपटॉपची वायर चालण्याच्या वाटेत येते, वायरमनकडून टेबलाच्या उंचीला पॉइंट काढून घ्या. आणि टेबलाखालचे डास: कॉइलच्या धुराने डोकी दुखतात, त्यापेक्षा पायांजवळ लहान फिरता पंखा ठेवलेला बरा. वाऱ्यात डास टिकत नाहीत.

चित्रकारांना टेबलापेक्षा भिंत आणि उजेड लागतो. उत्तरेची खिडकी असलेली खोली त्यांना द्या, कारण तिथे उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. फरशीवर जुनी ताडपत्री, रंगाचे हात धुवायला बाहेरचा नळ, आणि तेलरंग-टर्पेंटाइनचे बोळे टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा. असे बोळे ढीग करून ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे स्वच्छता करणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. कागदाच्या गठ्ठ्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, नाहीतर कडा वळतात.

५. वीज आणि इंटरनेट

इन्व्हर्टर हवाच, आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. हे दुसरे लोक विसरतात. मेन स्विच पाडून दोन तास घर चालवून बघा. वीज खाते दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवते त्याच्या सूचना पेपरात येतात, त्या आठवड्याचा पेपर नीट वाचा.

इंटरनेट मी फक्त ओसरीवर ठेवतो, खोल्यांत पोचू देत नाही. बुकिंगच्या वेळीच तसे सांगतो. काही जण त्यावरून नकार देतात. तो देऊ द्यावा, जे येतात ते ह्याच कारणासाठी पुन्हा येतात. कोणत्या कंपनीची रेंज अंगणात कुठे मिळते ते मात्र कागदावर लिहून द्या. घरी म्हातारे आई-वडील असलेल्या माणसाला रात्री फोन लागला पाहिजे.

६. स्वयंपाकघर

पाहुण्यांना आधी तीनच प्रश्न विचारा: मासे खाता का, कशाची ॲलर्जी आहे का, आणि सकाळी बोलायला आवडते का. दुसऱ्या प्रश्नात काजू, नारळ आणि कोळंबी-तिसऱ्या (शिंपले) यांची नावे घेऊन विचारा. मोघम विचारले की लोक "काही नाही" म्हणतात आणि आपल्याकडे तर आमटीपासून गोडापर्यंत सगळ्यात नारळ.

तिसरा प्रश्न स्वयंपाकाला येणाऱ्या वहिनींनाही समजावून सांगावा लागतो. आमच्याकडच्या वहिनींनी पहिल्या बॅचला चुलीपाशी हळूच विचारले होते, "तांकां राग आयला काय कितें?" नाश्त्याला कोणी बोलेना, ताटे रिकामी होत होती पण तोंडे गप्प. त्यांना सांगितले की ही माणसे डोक्यात काम घेऊन बसली आहेत. तेव्हापासून त्या चहाचा थर्मास दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून निघून येतात, कडीसुद्धा वाजवत नाहीत.

वेळा ठरवा आणि मोडू नका. सकाळी सातला पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येतो. त्याला थांबवायचा प्रयत्न करू नका, त्या आवाजाने कोणाचे काम अडत नाही आणि गरम पोई मिळते. अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे किंवा सुक्या बांगड्याची किस्मूर. जेवण दीडला. सकाळच्या कामाच्या वेळात मिक्सर लावायचा नाही. वाटणे आदल्या संध्याकाळी करून ठेवायची. कुकरच्या शिट्ट्यांचेही तेच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. जुलैच्या पाहुण्यांना "रोज ताजे सुरमई" असे आश्वासन देऊ नका. सुके मासे, नदीचे मासे, अळसांद्यांचे तोणाक, पावसाळी भाज्या यांवर ते दिवस छान जातात. शाकाहारी पुणेकरांसाठी खतखते, मुगागाठी आणि सोलकढी. तिरफळ काढून टाकायचे असते, हे वाढताना सांगा, नाहीतर कोणीतरी चावतोच.

७. पाहुण्यांना आठवडाभर आधी पाठवायचा मजकूर

फोनवर सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून लिहून पाठवा. असे काहीतरी:

"नमस्कार. तिकीट बघून विमानतळ कळवा. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. आमचे घर मोपापासून जवळ आहे. रेल्वेने येत असाल तर थिवीला उतरा. टॅक्सी आम्ही ठरवून ठेवू, गावात ॲपवर गाडी मिळेलच असे नाही. पायांत घट्ट बसणारे बूट, टॉर्च, रोजची औषधे आणा. भाड्याने दुचाकी घेणार असाल तर लायसन्स आणि हेल्मेट लागेल."

विमानतळाचे वाक्य सगळ्यात वर हवे. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तरी "गोवा एअरपोर्ट" म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अजून दाबोळीच येतो. ड्रायव्हर पेडण्याला आणि पाहुणा वास्कोला असे झाले, की अर्धा दिवस गेला. दुचाकीचे सांगायचे कारण असे की भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका म्हणावे, पोलीस अडवतात.

आगाऊ रक्कम आणि रद्द केल्यास किती परत, हेही याच मजकुरात. संकोच करू नका.

८. शेजारी

एक संध्याकाळ आजूबाजूच्या चार घरी जाऊन या. कोण येणार, किती दिवस, एवढे सांगा. नाहीतर गावात परक्या माणसाबद्दल कुजबुज सुरू होते. पाहुण्यांनाही सांगा की कोणाच्या घराचे, तुळशीचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. बस.

९. आजारपण, साप, पाणी

दाराजवळ मोठ्या अक्षरांत १०८ लिहून लावा, खाली जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर. आरोग्य केंद्रात जाऊन स्वतः विचारून या: सर्पदंशावरचे इंजेक्शन (प्रतिविष) आहे का, रात्री डॉक्टर असतात का. नसतील तर म्हापशाचे जिल्हा इस्पितळ की बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), कुठे न्यायचे ते आजच ठरवा. साप चावला तर बांधणे, चिरणे, चोखणे काही करायचे नाही. अवयव न हलवता गाडीत घालायचे.

आमच्या तालुक्यात जुन्या खाणींच्या खंदकांत हिरवेगार पाणी साचलेले असते. फोटोत तळे दिसते, कडा मात्र भुसभुशीत आणि खोली भयंकर. "तिथे पोहायचे नाही" हे पहिल्याच दिवशी तोंडी सांगा. पावसाळ्यात समुद्राचेही तेच.

१०. शेवटचे दोन दिवस

आदल्या दिवशी बाजार, चादरी, गॅसचा दुसरा सिलिंडर, इन्व्हर्टरचे पाणी. त्या दिवशी सकाळी झाडलोट आणि मडक्यात पाणी. खोलीत फुले ठेवायची तर जास्वंद ठेवा. अबोलीचा गजरा कितीही सुंदर असला तरी त्यात मुंग्या येतात.

पाहुणा आल्यावर सामान ठेवून हातपाय धुऊ द्या, कोकम सरबत द्या, मग पंधरा मिनिटांत चार गोष्टी दाखवा: बाथरूमचा गीझर, इन्व्हर्टरवर चालणारे दिवे, जेवणाच्या वेळा, रात्री बाहेर पडायचा दरवाजा. घराचा इतिहास, पूर्वजांचे फोटो, कुळागराची (बागायतीची) फेरी तिसऱ्या दिवसानंतर, तेही त्याने विचारले तर. आणि परतीच्या गाडीची वेळ त्याच संध्याकाळी लिहून घ्या. पहाटेच्या विमानासाठी गावातली टॅक्सी ऐनवेळी मिळत नाही, ड्रायव्हरला आधी सांगावे लागते.